एकच भाव

"भाव एकच ठेवला म्हणून दुकान न्यायाचं होत नाही," मामा म्हणाले. "माझ्याकडे साखरेचा भाव सगळ्यांना सारखा नव्हता. शाळेच्या शिपायाला मी किलोमागे आठ आणे कमी लावायचो. विचार करून लावायचो. त्याला परवडावं म्हणून."

"आणि ज्याला घासाघीस करता येत नाही, त्याला?"

"त्याला पूर्ण भाव."

"माझा वाद तिथेच आहे, मामा. ज्याला बोलता येतं, ज्याची ओळख आहे, जो दुकानदाराच्या मनात भरतो, त्याला कमी. गावात नव्याने आलेल्याला, संकोची बाईला, आईने चिठ्ठी देऊन पाठवलेल्या पोराला जास्त. तुमचं मन चांगलं म्हणून शिपायाचं भलं झालं. पण गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या मनावर का अवलंबून राहायचं?"

हे बोलणं चाललं होतं टोकियोत, निहोनबाशीच्या मित्सुकोशी या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. मामांनी पुण्यात कसबा पेठेत उभी हयात किराणा दुकान चालवलं. मी टोकियोत भाषांतराचं काम करते आणि निशिकासाईला राहते. आपल्याकडची बरीच कुटुंबं त्या भागात आहेत. मामा माझ्याकडे आले ते जून महिन्यात, इथला पाऊस लागल्यावर. बागा आणि देवळं बघून झाली, पण मला त्यांना इथे आणायचंच होतं. दुकानदारी माणसाला कुठवर नेऊ शकते हे बघायचं असेल तर या इमारतीत यावं, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यावर एका दुकानदाराचं मत मला हवं होतं.

"हे दुकान १६७३ मध्ये सुरू झालं, एचिगोया या नावाने," मी सांगू लागले. "मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने काढलं. टोकियोला तेव्हा एदो म्हणत. एदोतले कापडाचे बडे व्यापारी गाठोडी घेऊन सरदारांच्या वाड्यांवर जायचे. माल तिथेच दाखवायचा, भाव बोलून ठरवायचा, पैसे मिळायचे वर्षातून एकदा-दोनदा. ताकातोशीने १६८३ मध्ये शहरात पत्रकं वाटली. माल दुकानात मिळेल, रोखीने मिळेल, आणि भाव चढवून सांगितला जाणार नाही. पॅरिसच्या बॉन मार्शेने एक भावाची पाटी लावली ती यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी."

"उधारी बंद केली की भाव उतरणारच. आठ-आठ महिने अडकलेल्या पैशाचं व्याज मालावरच चढलेलं असतं. यात उपकार कसला? आणि रोख म्हटलं की ज्याच्या हातात रोख नाही, तो दाराबाहेर. माझ्या वहीवर अर्धी पेठ होती. पगार झाला की लोक येऊन चुकते करायचे. उधारी म्हणजे विश्वास असतो गं."

"पण एदोतली उधारी सामान्य माणसासाठी नव्हतीच. ती सरदारांसाठी होती. गवंड्याच्या, सुताराच्या बायकोला या व्यापाऱ्यांच्या मालाचं दर्शनही होत नसे. शिवाय कापडाचा अख्खा तागा घ्यावा लागे. एचिगोयात हवा तेवढा तुकडा कापून मिळायचा."

मामा थांबले. "सुटं विकायचा?"

"हो."

"मग हे आधी सांगायचंस. एक भाव वगैरे पुढचं झालं. सुटं विकणं हे खरं. माझ्याकडे पोरं बाटली घेऊन यायची, दोन रुपयांचं तेल द्या म्हणायची. दोन रुपयांच्या तेलात मला काही सुटत नव्हतं, उलट हात खराब व्हायचे. पण ते तेल मी दिलं नसतं तर त्या घरात फोडणी पडली नसती. ज्याने तागा कापायला कात्री उचलली, त्याला धंदा कळत होता."

या एका गोष्टीवर आमचं लगेच जमलं. पाऊस आला की एचिगोया गिऱ्हाइकांना दुकानाचं चिन्ह असलेल्या छत्र्या वापरायला देत असे, हेही मी सांगितलं. मामांना त्यात जाहिरात दिसली, मला आपुलकी दिसली, आणि दोन्ही एकाच छत्रीत असू शकतं यावर दोघांनाही हरकत नव्हती.

वरच्या दालनांत आम्ही फार रेंगाळलो नाही. १९०४ मध्ये एचिगोयाचं मित्सुकोशी झालं, दारातले दोन ब्राँझचे सिंह १९१४ चे, लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या सिंहांवरून घडवलेले. आजची वास्तू १९२३ च्या भूकंपानंतर पुन्हा उभी राहून १९३५ मध्ये पुरी झाली, आणि २०१६ मध्ये तिला देशाच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. मधल्या चौकात मागोकोरो देवीची सुमारे अकरा मीटर उंचीची रंगीत मूर्ती आहे. मामांनी तिला नमस्कार केला, पण रमले ते भिंतीपाशी. तिथल्या संगमरवरात शंखासारखे गोल अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले. त्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "हे बघायला पैसे लागत नाहीत?" नाही, म्हटलं. कुणीही या, बघा, काही न घेता जा. "हे मात्र माझ्या दुकानात नव्हतं," ते म्हणाले. "फळीपाशी उभा राहिला की माणसाला काहीतरी मागावंच लागायचं."

माझ्या मते हा फरक लहान नाही. काही न घेता दुकानात हिंडण्याची मुभा ही मोठ्या दुकानांनी सामान्य माणसाला दिलेली देणगी आहे. त्यातही बायकांना. घराबाहेर निवांत बसायला, हात धुवायला, नुसतं बघायला अशी सुरक्षित जागा शहरात त्यांना कुठे होती?

मग तळघर. जपानी लोक डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाद्यदालनाला देपाचिका म्हणतात. माझ्यापुरतं या शहराचं मन इथे राहतं. सरकत्या जिन्याने खाली उतरलं की आधी वास येतो, भाजलेल्या चहाचा, लोण्याचा, सोया सॉस करपवल्याचा. मग काचेमागे मांडलेली रांग, मिठाई, लोणची, मासे, तयार भाज्या, डबे, पाव, फळं. प्रत्येक गाळा वेगळ्या पेढीचा, आणि प्रत्येक पेढीला आपल्या एकाच वस्तूचा अभिमान. कुणी फक्त समुद्री शेवाळाची बारीक कातरलेली चटणी विकतो, कुणी फक्त तांदळाच्या भाजलेल्या चकत्या.

मामा शाकाहारी, त्यामुळे तयार भाज्यांपुढून आम्हाला जपून जावं लागलं. नुसत्या उकडलेल्या पालकावरही माशाच्या कढणाचा रस असतो. पण वागाशीच्या, म्हणजे जपानी मिठाईच्या गाळ्यांपुढे ते मोकळे झाले. तोराया ही पेढी क्योतोत सोळाव्या शतकापासूनची, सम्राटांना मिठाई पुरवणारी. १८६९ मध्ये दरबारामागोमाग टोकियोत आली. तिचं योकान मी त्यांना दाखवलं. अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं शिजवून वाटलेलं सारण, साखर, आणि आपण चायना ग्रास म्हणतो ते. बस. मामांनी चव घेतली, बराच वेळ तोंडात ठेवली आणि म्हणाले, "कट काढलेल्या पुरणाची वडी थापली, आणि वेलची घालायची कुणी विसरला नाही तर ठरवून घातली नाही, असं लागतंय." जूनचे दिवस, म्हणून शेजारी निळ्या-जांभळ्या हायड्रेंजियाच्या फुलाचा आकार दिलेली मिठाई होती. जुलै संपेपर्यंत ती जाते आणि तिच्या जागी दुसरी येते.

"हे मला पटलं," मामा म्हणाले. "ऋतू गेला की माल काढायचा. आमच्याकडे आता बारा महिने सगळं मिळतं आणि कशालाच चव नाही."

फळांच्या गाळ्यापाशी मात्र ते अडले. लाकडी पेटीत, मऊ कागदात, देठाचा टी आकार राखून ठेवलेलं एक खरबूज. किंमत दहा हजार येनच्या वर, म्हणजे आपले साडेपाच-सहा हजार रुपये.

"एक फळ?"

"एक फळ. शिझुओकाचं. काचघरात वाढवतात. एका वेलीवर एकच ठेवतात, बाकीची कोवळी असतानाच खुडून टाकतात, म्हणजे वेलीची सगळी गोडी एकाला मिळते. खुडलेल्यांचं लोणचं घालतात, फेकत नाहीत."

"पण खातो कोण हे?"

"विकत घेणारा सहसा स्वतः खात नाही. भेट देतो. उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीला ज्यांचे उपकार आहेत त्यांना भेट पाठवायची इथे रीत आहे. डॉक्टर, शिक्षक, वरिष्ठ, लग्न जमवणारे. वरच्या मजल्यावर तेवढ्यासाठी खास काउंटर लागतात. भेट मित्सुकोशीच्या कागदात आली, म्हणजे देणाऱ्याने मनापासून दिली असं समजतात."

तो कागदही बघण्यासारखा आहे. पांढऱ्यावर लाल गुळगुळीत आकार, किनाऱ्यावरच्या गोट्यांसारखे. चित्रकार इनोकुमा गेन्इचिरो यांनी १९५० मध्ये तो केला, आणि त्यावरची अक्षरं काढली तेव्हा इथल्या जाहिरात विभागात नोकरी करणाऱ्या यानासे ताकाशी यांनी. पुढे आन्पानमान हा लहान मुलांचा लाडका नायक याच यानासेंनी जन्माला घातला. काउंटरवरची मुलगी कागदावर खोका तिरका ठेवते, तीनदा कलता करते, आणि चिकटपट्टीच्या एका तुकड्यात पुडी बंद होते. मामांनी ते बघितलं आणि तिला अजून एकदा करून दाखवायला सांगावं असं मला सुचवलं. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या पुड्या बांधलेल्या माणसाची ती दाद होती. मग तिने आम्हाला विचारलं, घरी पोचायला किती वेळ लागेल? त्या मानाने बर्फाची पाकिटं घालायची म्हणून.

"हे कौतुकाचं आहे," मामा म्हणाले. "पण आता मला खरं सांग. या खरबुजाचे दहा हजार आले. शेतकऱ्याला किती, गाळेवाल्याला किती आणि या मोठ्या दुकानाला किती? आणि आज खरबूज खपलं नाही तर कुणाचं गेलं?"

मला हाच प्रश्न अपेक्षित होता, आणि त्याचं उत्तर माझ्या बाजूचं नाही हेही ठाऊक होतं.

"जपानच्या मोठ्या दुकानांत शोका-शिइरे नावाची पद्धत चालते," मी म्हटलं. "माल काचेमागे मांडलेला असतो, पण तो दुकानाने घेतलेला नसतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्या क्षणी दुकानाने तो पुरवठादाराकडून खरेदी केला असं लिहिलं जातं, आणि त्याच क्षणी विकलाही जातो. दुकान आपली टक्केवारी कापून घेतं. न खपलेला माल पुरवठादाराचा. काउंटरवर उभी असलेली बरीचशी माणसंही पुरवठादाराच्या पगारावरची."

मामांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "माल त्याचा, माणूस त्याचा, जोखीम त्याची. नाव याचं आणि गल्ला याचा."

"नावालाही किंमत असते. साडेतीनशे वर्षं सांभाळलेलं नाव आहे. क्योतोच्या गल्लीतला लोणचंवाला टोकियोत स्वतःचं दुकान काढू शकला नसता. इथे तो थेट उभा आहे. याच रीतीमुळे त्याला भांडवलाशिवाय जागा मिळते, आणि लहान पेढ्या टिकतात."

"जागा मिळते हे मान्य. मी पण पापडवाल्या बायकांचा माल ठेवायचो. पण पापड मी रोख घेत होतो. खपले नाहीत तर माझ्या पोराबाळांनी खाल्ले. न खपलेले पापड त्या बाईला परत नेऊन देणं मला कधी जमलं नसतं. तिने दिवसभर उन्हात बसून केलेले ते! दुकानदाराने नफा घ्यायचा तो कशाबद्दल? जोखमीबद्दल. जोखीम घेतली नाही तर तो जागेचा भाडेकरू शोधणारा झाला. दुकानदार नाही."

मी म्हटलं की काळ बदलला. एवढ्या मोठ्या जागेत हजारो वस्तूंची खरेदी स्वतः करायची, तर दुकान दोन हंगामांत बसेल. मामा म्हणाले, बसू नये म्हणूनच डोकं चालवायचं असतं. किती मागवायचं, कुणाकडून, कधी, ही तर दुकानदाराची विद्या. ती दुसऱ्यावर सोपवली की काही वर्षांत ती विद्याच विसरायला होते. हे वाक्य माझ्या मनात राहिलं. इथल्या मोठ्या दुकानांची विक्री १९९१ मध्ये सुमारे ९.७ लाख कोटी येनवर गेली होती, आणि आज ती त्याच्या साठ टक्क्यांहून कमी आहे. यामागे घसरलेली अर्थव्यवस्था आहे, उपनगरातले मॉल आहेत, घरबसल्या खरेदी आहे. पण जाणकार दुकानांतल्या खरेदीच्या कसबाला लागलेली उतरती कळाही त्यात धरतात, आणि मामांनी ते एका खरबुजावरून ओळखलं.

"गावोगावची अशी दुकानं बंद पडताहेत," मी सांगितलं. "यामागाता शहरात ओनुमा नावाचं दुकान होतं, १७०० सालापासूनचं. जानेवारी २०२० मध्ये त्याचं दिवाळं निघालं, आणि सबंध यामागाता प्रांतात एकही डिपार्टमेंट स्टोअर उरलं नाही. म्हाताऱ्या माणसांना वाईट वाटलं ते कपड्यांसाठी नाही. नातवाला घेऊन वरच्या मजल्यावर जेवायला जायची जागा गेली म्हणून. १९३० मध्ये, मंदीच्या ऐन दिवसांत, इथेच मित्सुकोशीच्या भोजनालयाने मुलांसाठी खास ताट काढलं. भाताचा लहान डोंगर, त्यावर छोटासा झेंडा. आज देशभर तसं ताट मिळतं. आणि २०२३ च्या ३१ ऑगस्टला टोकियोत इकेबुकुरोच्या सेइबू दुकानातल्या कामगारांनी संप केला. कंपनी परदेशी गुंतवणूकदारांना विकली जात होती, आणि आमच्या नोकऱ्यांचं काय ते कुणी नीट सांगत नव्हतं. मोठ्या दुकानात संप झाला तो एकसष्ट वर्षांनी. त्या दिवशी ते भलं थोरलं दुकान बंद राहिलं. रस्त्यावरून जाणारे लोक त्या कामगारांना धीर देत होते."

"देणारच," मामा म्हणाले. "रोज वाकून नमस्कार करणारी माणसं एक दिवस ताठ उभी राहिली."

बाकावर टेकायला जागा मिळाली. मी चहा आणला. मामांनी विचारलं, आता सरदारांच्या वाड्यावर गाठोडी घेऊन कोणी जात नाही ना?

जातात. खोटं कसं सांगणार? गाइशो नावाचा विभाग बहुतेक मोठ्या दुकानांत असतो. श्रीमंत घरांना एकेक माणूस नेमून दिलेला असतो. तो घरी जातो, दागिने-घड्याळं-चित्रं दाखवतो, कुणाच्या मुलीचं लग्न कधी हे त्याच्या ध्यानात असतं. पैसे खात्यावर लिहिले जातात आणि नंतर येतात. काहींना सवलतही असते.

"म्हणजे ताकातोशीने जे मोडलं ते मागच्या दाराने आलं."

"आलं. आणि दुकानं आज बऱ्याच अंशी त्यावरच तगून आहेत. पण मामा, पुढचं दार बंद झालेलं नाही. हे तळघर बघा. इथे त्या वाड्यातली बाईसुद्धा रांगेत उभी राहते, आणि शेजारच्या कचेरीतली मुलगीही. त्या दोघींना योकान एकाच भावाने मिळतं, एकाच कागदात बांधून मिळतं, आणि दोघींनाही तेवढंच वाकून 'पुन्हा या' म्हणतात. शिकत होते तेव्हा मी अशा तळघरांत संध्याकाळी उशिरा जायची. बंद व्हायच्या सुमाराला बऱ्याच गाळ्यांवर डब्यांना वीस टक्के, तीस टक्के, कधी अर्ध्या किमतीचं स्टिकर लागतं. मी तो अर्ध्या किमतीचा डबा घ्यायची. तो देताना कुणी मला कमी लेखलं नाही. चॉपस्टिक ठेवल्या, ओला रुमाल ठेवला, पिशवीचं तोंड माझ्याकडे करून दिली. परक्या देशात, खिशात मोजके पैसे असताना, त्या वागणुकीने मला किती आधार दिला हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. तुमची वही ओळखीच्या माणसाला तारत होती. मला इथे ओळखणारं कोणी नव्हतं. मला तारलं ते अनोळखी माणसालाही सारखंच वागवायच्या रीतीने."

मामा यावर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू हे कधी सांगितलं नव्हतंस."

"आणखी एक माणूस सांगते तुम्हाला," मी म्हटलं. "कोबायाशी इचिझो. ओसाकाजवळ हान्क्यू नावाची रेल्वे त्यांनी वाढवली, आणि १९२९ मध्ये उमेदा स्टेशनलाच जोडून डिपार्टमेंट स्टोअर काढलं. वरच्या भोजनालयातला करी-भात फार चालायचा. मग मंदी आली. लोक येऊन फक्त भात मागवू लागले, पाच सेनचा, आणि मेजावरच्या बाटलीतला सॉस त्यावर ओतून खाऊ लागले. दुसऱ्या कुणी अशा गिऱ्हाइकांना बाहेर काढलं असतं. कोबायाशींनी उलट जाहीर केलं की नुसता भात खाणाऱ्यांचं आमच्याकडे स्वागत आहे. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं आज गरीब आहेत, पण उद्या लग्न करतील, मुलं होतील, आणि तेव्हा आपली आठवण ठेवून मुलांना घेऊन इथे येतील."

मामांचा चेहरा उजळला. "हा माणूस दुकानदार!" मग लगेच, "भोजनालय कुणी चालवायला घेतलेलं होतं का?"

"नाही. हान्क्यूचं स्वतःचं होतं."

"म्हणजे भात त्याचा, सॉस त्याचा, तोटाही त्याचा. म्हणून ते मोठेपण खरं. आता तुझ्या डब्याचं बघ. अर्ध्या किमतीचं स्टिकर लागलं, तुला आधार मिळाला, तू त्या मोठ्या दुकानाला जन्मभर दुवा देतेस. पण उरलेली अर्धी किंमत सोसली कुणी? डबा करणाऱ्याने."

"दुकानाचा वाटाही टक्क्यांत असतो. भाव उतरला की त्याचंही जातं."

"त्याच्या टक्क्याएवढं जातं. डबेवाल्याचा तांदूळ गेला, भाजी गेली, पहाटे उठलेल्या माणसाची मजुरी गेली."

मी नासाडीचा मुद्दा काढला. जपानने २०१९ मध्ये अन्नाची नासाडी कमी करण्यासाठी कायदा केला. तरीही सरकारी अंदाजाप्रमाणे २०२२ या वर्षात ४७ लाख २० हजार टन खाण्याजोगं अन्न वाया गेलं, निम्मं धंद्यांतून आणि निम्मं घराघरांतून. मग स्टिकर लावून विकणं हे टाकण्यापेक्षा चांगलंच. मामांनी ते मान्य केलं, पण काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "संध्याकाळचे साडेसहा वाजलेत आणि फळी अजून गच्च भरलेली आहे. फळी रिकामी दिसू नये हा हट्ट कुणाचा? ज्याचा हट्ट, त्याने नासाडी भरावी. कायद्याने हे एवढं केलं तरी पुरे."

"तुमचं दुकान असतं तर?"

"उरलेलं अर्ध्या भावात विकलं असतं, आणि त्यातला निम्मा तोटा माझ्या वहीत लिहिला असता. निम्मा डबेवाल्याच्या. मग कुठलं किती मागवायचं याचा विचार दोघांनी रोज सकाळी बसून केला असता."

"मग माल महाग करावा लागेल तुम्हाला."

"खरबूज घेणाऱ्याला दहाचे अकरा हजार जड नाहीत."

"त्याला नाहीत. पण डबा पाचशेचा साडेपाचशे झाला, तर माझ्यासारख्या शिकणाऱ्या मुलीला जड आहे. जोखीम तुम्ही घेतलीत, ती फिरून तिच्याच पिशवीत आली. एचिगोयाच्या आधी उधारीचं व्याज गिऱ्हाइकाच्याच भावात येत होतं ना, तसं."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. या मुद्द्याला त्यांच्याकडे सरळ उत्तर नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पण शरण जाणाऱ्यांतले ते नव्हेत.

"तिला अख्खा डबा कशाला घ्यायला लावायचा? कात्री आहे ना या दुकानाकडे पहिल्यापासून? कापून द्यायचं. तिच्या पैशांत बसेल तेवढं."

"मिळतं की. तयार भाज्या इथे शंभर ग्रॅमच्या भावाने लावलेल्या असतात. हवी तेवढी तोलून देतात."

"पन्नास ग्रॅम देतात?"

"मागितली तर देतात."

"चल मग," मामा उठले. "ती भोपळ्याची कोशिंबीर मासा नसलेली आहे का ते विचार, आणि पन्नास ग्रॅमच माग. तोलताना ती काटा आपल्याला दिसेल असा ठेवते का, ते मला बघायचंय."